चार खांबांचा खेळ

अकोला,
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. सबीहा,

आज सकाळी भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या. दहा वाजता माझे मोठे भाऊ भगवंतदादा अकोटच्या गाडीने निघाले. दुपारी शेजाऱ्यांची मोठी भांडी होती, ती घासून पोचवून आलो. काल आचलची तेरवी झाली. आज घरात आम्ही दोघंच आहोत.

तुला फोन करा, असं आचलची आई म्हणत होती. मला फोनवर बोलणं जमत नाही. पस्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. तिथं सगळं लिहूनच द्यावं लागे. ती सवय राहिली आहे, म्हणून पत्र.

आचलला दवाखान्यात तू नेलंस आणि शेवटपर्यंत तिथून हलली नाहीस. आम्ही पोचलो तेव्हा तिला नळ्या लावलेल्या होत्या. डेंगीत असं कधी कधी होतं, असं डॉक्टर म्हणाले. आमचं तिच्याशी काही बोलणं झालं नाही. पण दोन वर्षं एका खोलीत राहिलेली मैत्रीण जवळ होती, ती एकटी नव्हती, हे आम्हाला पुष्कळ आहे. तुला तिथंच सांगायला हवं होतं. राहून गेलं.

आता विचारायचं ते विचारतो. बुधवारी गांधीग्रामला पूर्णेच्या काठावर दहावा केला. पिंडाला कावळा शिवेना. आमच्यात असं मानतात की गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही. मग जवळचे लोक एकेक इच्छा बोलून दाखवतात आणि ती पुरी करतो असा शब्द देतात. भगवंतदादा म्हणाले, "लग्नाची राहिली असन." कावळा आला नाही. तिची मावशी म्हणाली, "स्कुटी पाहिजे होती तिले, मले म्हणे." मी म्हटलं, तिचं बी.एड. राहिलं. दीड तास झाला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

माझा यावर फारसा विश्वास नाही. त्या दिवशी तिथं चार दहावे होते, कावळ्यांची पोटं भरलेली होती. पण आचलच्या आईने ते मनाला लावून घेतलं आहे. रोज सकाळी ती गच्चीवर भाताचं पान ठेवते आणि कावळ्याची वाट पाहत बसते. तो शिवला नाही की दिवसभर जेवत नाही. संध्याकाळी मी बळेच थोडं वाढतो. चार दिवसांत चेहरा उतरला आहे. ती म्हणते, "सबीहाले इचारा. तिले माहीत असन."

म्हणून विचारतो. आचलच्या मनात काय राहिलं होतं? जे असेल ते लिही. तिला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन.

तुझा,
देवमन ताथोड


अमरावती,
२३ नोव्हेंबर

आदरणीय काका, काकू,

सलाम. पत्र गुरुवारी मिळालं. आज सुट्टी आहे, म्हणून लिहायला बसले. नांदगाव पेठच्या कारखान्यात आमची शिफ्ट लागली की दिवसभर शर्टांच्या शिवणी तपासायच्या असतात. घरी आल्यावर डोळ्यांसमोर दोराच दिसतो.

काका, तुम्ही माझे आभार मानू नका. मी फार काही केलं नाही.

तुम्ही विचारलं त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे. आचलला सातपुडा चषक जिंकायचा होता.

आम्ही फुटी खेळतो हे तुम्हाला माहीत आहे. हा ऑस्ट्रेलियातला फुटबॉल. चेंडू नारळासारखा लांबट असतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. उंच खांबांमधून चेंडू लाथेनं गेला की सहा गुण. उंच आणि बुटक्याच्या मधून गेला, किंवा खांबाला लागला, की एकच गुण. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण मधे मधे जमिनीवर आपटावा लागतो. आमच्या अंबानगरी क्लबमध्ये नऊ जणी खेळतात. नीलम मॅडम शिकवतात. सहा गावांचे संघ हिवाळ्यात एकमेकांशी खेळतात आणि पहिल्या दोघांत अंतिम सामना होतो.

मागच्या वर्षी तो आम्ही भोपाळशी खेळलो. आम्ही तीन गुणांनी मागे होतो आणि शेवटची लाथ आचलची होती. चेंडू सरळ गेला आणि उंच खांबाला लागला. सहाच्या ऐवजी एक मिळाला. दोन गुणांनी कप गेला. ते तिच्या मनात राहिलं होतं. या वर्षी कप आणायचा, असं ती म्हणायची.

पहिला सामना ३० तारखेला नागपूरशी आहे. काकूंना सांगा, जेवण सोडू नका. आचलला ते चाललं नसतं.

तुमची,
सबीहा


अकोला,
२ डिसेंबर

चि. सबीहा,

तुझं पत्र बुधवारी दुपारी आलं. लगेच वाचून दाखवलं. खांबांचं तिला कळेना, तेव्हा पाटीवर मैदान काढून दाखवलं. तिने चारी खांबांवरून बोट फिरवलं. नंतर म्हणाली, "येका खांबासाठी अडकली होय माही पोरगी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पान ठेवल्यावर ती गच्चीवर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "आचल, सबीहा कप आणते. म्या शब्द देल्ला. तू जाय आता." शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालत होते, त्यांनी ऐकलं असेल. शनिवारी कावळ्याने भात उचलला. त्या दिवसापासून ती दुपारी जेवते. कमी जेवते, पण जेवते.

शब्द तिने दिला आणि नाव तुझं घेतलं, हे तुला न विचारता झालं. वाईट वाटून घेऊ नकोस. मी तिला म्हटलं की खेळात हारजीत असते. ती म्हणाली, "आता हारून कसं जमन? पोरीले सांगतलं ना."

एक गोष्ट मीही सांगून टाकतो. दिवाळीत आचल घरी आली होती तेव्हा मीच तिला म्हटलं होतं की हा खेळ आता पुरे. परीक्षेचं वर्ष आहे, गुडघा एकदा सुजला होता, आणि त्या लांबट चेंडूमागे पळून हाती काय लागणार. ती "बरं" म्हणाली. एवढंच. तिचं "बरं" कशाचं असतं ते मला कधी कळलं नाही. आता तुझं पत्र वाचून वाटतं की तिने माझं ऐकलं नाही तेच चांगलं केलं.

नागपूरच्या सामन्याचं कळव.

देवमन ताथोड


अमरावती,
२२ डिसेंबर

आदरणीय काका, काकू,

उशिरा लिहिते. पहिलाच सामना आम्ही हरलो होतो आणि ते कसं लिहावं कळत नव्हतं. नागपूरच्या पोरी उंच आहेत. आम्ही दोन जणी मिळून उडी मारायचो तरी चेंडू त्यांच्याच हातात. पंधरा गुणांनी हरलो. परतताना गाडीत दोघीतिघी रडत होत्या. नीलम मॅडम एवढंच म्हणाल्या, "रडायचं असन तर बडनेऱ्यापर्यंत रडून घ्या. तिथून पुढं मले कोनाचं नाक वाजलेलं चालनार नाई."

मग आम्ही १४ तारखेला वर्ध्याला हरवलं आणि काल बुऱ्हाणपूरला; आता रायपूर आणि शेवटी भोपाळ उरलं. कालचा सामना इथंच होता. आमचे खांब बांबूचे आहेत, ते सामन्याच्या सकाळी रोवावे लागतात. मैदानाशेजारी चतुराबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई राहतात. दर वेळी त्या कुंपणाशी येऊन विचारतात, "काहून वो बायांनो, मांडव घालून राहिल्या का? नवरी कोनती?" काल आकांक्षा म्हणाली, "आजी, नवऱ्याच नऊ हायेत, नवरदेव पहा तुमच्याकडं कोनी असन तं." त्या म्हणाल्या, "तुमच्यासारक्या ढांगा टाकनाऱ्या पोरीले कोन पाहीन?" आणि संपेपर्यंत तिथंच बसून राहिल्या.

खांबांच्या मागे पंच म्हणून नीलम मॅडमचे भाऊ कुलदीपदादा उभे राहतात. एरवी ऑटो चालवतात. गोल झाला की दोन पांढरे झेंडे हलवायचे आणि एकच गुण असला की एक. काल माझ्या लाथेला त्यांनी एकच हलवला. मी भांडले. ते म्हणाले, "सबीहा, म्या तुह्यासाठी खांब सरकवू का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

काका, काकूंनी शब्द दिल्याचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. सांगितलं तर पोरींचे पाय जड होतील. माझे झाले आहेत. काकूंना म्हणा, आम्ही प्रयत्न करत आहोत. पण कप आला नाही तर त्याचा अर्थ आचल अडकली असा धरू नका. माझी विनंती आहे.

खेळ सोडण्याबद्दल तुम्ही तिला म्हणालात ते मला माहीत नव्हतं. तुम्ही त्याचं मनावर घेऊ नका.

सबीहा


अकोला,
३० डिसेंबर

चि. सबीहा,

पत्र मिळालं. मांडवाचं आणि नऊ नवऱ्यांचं वाचलं तेव्हा आचलची आई हसली. नंतर उठून आत गेली.

तुझी विनंती तिला वाचून दाखवली. आता ती दर रविवारी सकाळी गच्चीवर पान ठेवताना आचलला सामना कोणाशी आहे ते सांगते. परवा मी चुकून रायपूरच्या ऐवजी भोपाळ म्हणालो, तर तिने मला पाटी आणून सगळे सामने ओळीने लिहायला लावले.

सोबत मुगाचे लाडू पाठवत आहे. तिनेच केले. दिवाळीनंतर पहिल्यांदा कढई चुलीवर चढली. नऊ जणींना पुरतील असे आहेत. पंचालाही द्यावेत, झेंडे हलवून हात दुखत असतील, असा तिचा निरोप आहे.

देवमन ताथोड


अमरावती,
१९ जानेवारी

आदरणीय काका, काकू,

लाडू सगळ्यांनी खाल्ले. कुलदीपदादांनी तीन खाल्ले आणि म्हणाले की तरीपण खांब सरकवणार नाही.

रायपूरला आम्ही हरवलं. काल भोपाळकडून हरलो, पण तरी गुणांमध्ये दुसऱ्या आलो. म्हणजे ८ फेब्रुवारीला, रविवारी दुपारी तीन वाजता, अंतिम सामना भोपाळशीच. इथं अमरावतीतच आहे.

काका, मला तुम्हाला एकट्याला काही लिहायचं आहे. पण पत्र तुम्ही काकूंना वाचून दाखवता, म्हणून कसं लिहू कळत नाही. असू द्या. सामना झाल्यावर पाहू.

दुआ करा.

सबीहा


अकोला,
१० फेब्रुवारी

चि. सबीहा,

तुला सांगितलं नव्हतं, पण रविवारी मी आलो होतो. आचलची आई म्हणाली, "माह्यानं पाहवनार नाई, तुमी जाऊन पाहा." सकाळच्या गाडीने आलो, मैदान विचारत विचारत पोचलो. कुंपणापाशी एका म्हातारीजवळ जागा होती, तिथं उभा राहिलो. चतुराबाई त्याच असाव्यात. त्यांनी मला विचारलं, "तुमची कोनती?" मी तुझ्याकडे बोट दाखवलं.

खेळ मला पहिल्या अर्ध्या तासात कळला नाही. चेंडू कुठं पडेल याचा नेमच नाही. सरळ येतो आणि जमिनीला लागला की भलतीकडे जातो. पण भोपाळच्या त्या ठेंगण्या पोरीने तुला पाडलं आणि तू उठून पुन्हा तिच्याच मागे लागलीस, तिथपासून मला समजायला लागलं. चतुराबाई मला सांगत होत्या. त्यांना सगळं येतं.

शेवटी तुम्ही दोन गुणांनी मागे होतात. मैदानातला पंच घड्याळ पाहत होता. आकांक्षाने चेंडू घेतला, लाथ मारायला गेली आणि घसरली. चेंडू तिच्या पायाला नीट लागलाच नाही. तो बेडकासारखा तीन-चार उड्या मारत त्या दोन उंच खांबांच्या मधून गेला. मी कुलदीपकडे पाहिलं. त्याने आधी डोळे पुसले, मग दोन्ही झेंडे उचलले. चतुराबाई म्हणाल्या, "झालं, लागलं लगन." माझ्या खांद्यावर त्यांनी थाप मारली, ती अजून दुखते.

सगळ्या पोरी आकांक्षाच्या अंगावर पडल्या. तू एकटीच मैदानाच्या मधे खाली बसलीस. डोकं गुडघ्यात घातलं होतंस. तुला आचलची आठवण झाली असेल, हे मी समजलो. पुढं येऊन बोलावं असं वाटलं. पण तेवढ्यात मॅडम तुझ्याजवळ गेल्या, आणि मी परत फिरलो. चारची मूर्तिजापूरवरून अकोल्याला जाणारी गाडी गेली होती, पुढची मिळाली.

घरी सांगितलं तेव्हा आचलची आई देवापुढे बसली. रडली नाही. सोमवारी सकाळी गच्चीवर पान ठेवलं आणि ते कावळ्याने नेलं की नाही हे न पाहता खाली आली. म्हणाली, "गेली आता पोरगी. मोकळी झाली." मग खिचडी केली आणि दोनदा वाढून घेतली. दुपारी झोपली ती पाच वाजेपर्यंत. आज पान ठेवलंच नाही.

तुमच्या नऊ जणींचे उपकार मी कसे फेडणार ते मला माहीत नाही.

देवमन ताथोड


अमरावती,
२२ फेब्रुवारी

काका,

हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. काकूंना वाचून दाखवायच्या आधी तुम्ही एकटे वाचा.

रोजे सुरू झाले आहेत. खोटं पोटात ठेवून रोजा धरायचा, हे मला जमेना. अब्बा म्हणतात, उपाशी तर बैलही राहतो. सामना झाला त्या दिवशीच लिहायचं होतं. तुमचं पत्र आलं आणि काकू झोपल्याचं वाचलं, मग हात चालेना. आता लिहिते.

कप जिंकायची इच्छा आचलची नव्हती. माझी होती.

दिवाळीनंतर २६ तारखेला, रविवारी, ती अकोल्याहून आली. संध्याकाळी मैदानावर जाऊन तिने नीलम मॅडमना सांगितलं की ती खेळ सोडते. मला खोलीवर आल्यावर सांगितलं. "मी सोडून राहिली. बाबाले नाई आवडत. आन मलेबी आता तेवढं वाटत नाई." मला राग आला. हंगाम तोंडावर होता आणि आम्ही आठच उरत होतो; नववी मॅडमनी नंतर शोधून आणली. मी म्हटलं, "गेल्या साली खांबाले मारून आमचा कप घालवला, आन आता पळून राहिली." खांबाचं तिच्या मनात काही नव्हतं, काका. ती त्यावर स्वतःच विनोद करायची. मनात माझ्या होतं. मी ते कधी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. तिने खेळायचे बूट पलंगाखाली सरकवले.

मग आम्ही बोललो नाही. एका खोलीत, दोन पलंगांवर. बुधवारपासून ती पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मला वाटलं, रुसली आहे. मी माझा डबा बाहेरच खाऊन यायची. दोन दिवस मी कामावर गेले आणि आले, आणि तिच्या कपाळाला हात लावला नाही. शनिवारी सकाळी ती न्हाणीच्या दारात पडली, तेव्हा कळलं की अंग भाजत होतं. ऑटोत ती मला एकदाच म्हणाली, "पाणी." तेवढंच.

डॉक्टरांनी विचारलं होतं, ताप केव्हापासून. मी म्हटलं, कालपासून. मला माहीतच नव्हतं.

तुम्ही लिहिलं की मी होते म्हणून ती एकटी नव्हती. ते वाचून मी तुम्हाला खरं लिहायला हवं होतं. पण तुम्ही विचारलेलं तिच्या इच्छेचं, आणि मला तिची इच्छा माहीत नव्हती. शेवटचे आठ दिवस मी तिच्याशी बोललेच नव्हते. तसं लिहिलं असतं तर का नाही बोललीस, हेही लिहावं लागलं असतं. म्हणून जे माझ्या मनात होतं ते तिचं म्हणून लिहिलं. मला वाटलं, काकू जेवतील. मग काकूंनी शब्द दिला.

मैदानात मी खाली बसले ती आठवण येऊन नाही. मला वाटलं, आता हे खोटं पक्कं झालं.

तिच्या मनात काय होतं ते मला खरंच माहीत नाही, काका. काकूंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल तर मी अकोल्याला येऊन त्यांच्यासमोर बसून सांगेन. त्या मला काय म्हणतील ते ऐकून घेईन.

सबीहा


अकोला,
८ मार्च, रविवार

चि. सबीहा,

तुझं पत्र गेल्या शनिवारी पोस्टमनने फाटकापाशी माझ्या हातात दिलं. वरची ओळ वाचून मी ते खिशात ठेवलं आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या आवारात जाऊन वाचलं. तिथं आता मला कोणी ओळखत नाही. दोनदा वाचलं.

उत्तराला आठ दिवस लागले. काय लिहायचं ते ठरत नव्हतं. रागाचं विचारशील तर पहिल्या दिवशी आला होता. तो कोणावर हे मला नीट सांगता येत नाही.

तुला एक गोष्ट माहीत नाही. ३१ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, मी आचलला फोन केला होता. आवाज बारीक येत होता. ती म्हणाली, "बाबा, अंग लय दुखून राहिलं." मी म्हटलं, "खेळून खेळून दुखत असन. सांगतलं होतं ना." मग म्हणाली, "बरं, ठेवते."

तेव्हा तिने खेळ सोडून पाच दिवस झाले होते. हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तिने मला तसं सांगितलं असतं तर मी पुढं विचारलं असतं, की मग कशानं दुखतं. ती बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. पस्तीस वर्षं मी जनावराच्या कानाला हात लावून ताप सांगत होतो. बैलाने चारा सोडला तर मालकाला चार प्रश्न विचारायचो. पोरीला एकही विचारला नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तिच्या आईलाही नाही.

तेव्हा तुला मी काय बोलू? तू रुसवा समजलीस आणि मी खेळ समजलो. आपण दोघंही तिच्याजवळच होतो.

आता आचलच्या आईचं. त्या दिवशी घरी आलो तर तिने विचारलं, "सबीहाचं पत्र आलं म्हने, पोस्टमन सांगत होता. वाचा." मी तुझं पत्र काढलं आणि समोर धरून वाचायला लागलो. तुझे शब्द डोळ्यांसमोर होते आणि तोंडाने मी दुसरंच वाचत होतो. कप नीलम मॅडमच्या कपाटात ठेवला आहे. रोजे सुरू झाले आहेत. आकांक्षाच्या पायाला मुका मार लागला होता, तो बरा आहे. तुम्हा दोघांना सलाम. असं कधी केलं नव्हतं. मधे एकदा थांबलो, तर ती म्हणाली, "काय झालं? अक्षर लागत नाई का?" मी म्हटलं, बारीक लिहिलं आहे.

ती आता दोन वेळा जेवते. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं करायचं आहे, त्यालाही तयार झाली. दृष्टी आल्यावर ती जुनी पत्रं स्वतः वाचीन म्हणते. तुझी बाकीची पत्रं मी तिच्या पेटीत ठेवली आहेत. हे त्यांत ठेवलेलं नाही.

तिला सांगू नकोस. इकडे आलीस तरी सांगू नकोस. तू येऊन तिच्यासमोर बसलीस तर तुला हलकं वाटेल, पण ती पुन्हा गच्चीवर जाऊन बसेल, आणि या वेळी तिला सांगायला माझ्याजवळ काही नसेल. तू धरलेलं ओझं खाली ठेवलंस, ते ठीक केलंस. ते आता माझ्याजवळ राहू दे. रोजे नीट धर.

कपाबद्दल खोटं वाटून घेऊ नकोस. तुम्ही नऊ जणी खेळलात आणि जिंकलात, मी उभं राहून पाहिलं आहे. तो तुमचा आहे. आचलचा म्हणून ठेवू नका.

तिच्या मनात काय होतं ते तुला माहीत नाही, तसं मलाही नाही. दहाव्याच्या दिवशी मी बी.एड.चं नाव घेतलं, तेही माझ्याच मनातलं होतं. "मलेबी आता तेवढं वाटत नाई," एवढं एक तिचं स्वतःचं वाक्य तू लिहिलंस. ते मी पाठ केलं आहे. यापुढं तुला तिचं असं काही बोललेलं आठवलं, साधं, भाजीचं किंवा कपड्याचं, तर लिहीत जा. पत्रावर माझं नाव टाक. पोस्टमनला सांगून ठेवलं आहे.

दुपारचे साडेतीन झाले. आज सहा दिवसांनी नळ आला आहे. नळ आला की ती पाइप धरते आणि मी ड्रम सरकवतो. ती झोपली आहे, उठवत नाही. हे पाकिटात घालतो आणि एकटाच पाणी भरून घेतो.

देवमन ताथोड